दादांचा रेडिओ आता मोबाइलवर, नेट किती लागतं ते सांगतो

आमचे दादा आकाशवाणी परभणीचे जुने श्रोते. पण आखाड्यावर बोअरची मोटर चालू झाली की मिडियम वेव्हवर नुसती खरखर, म्हणून दोन महिन्याखाली त्यांच्या मोबाइलमधी प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून दिलं. परभणी, विविध भारती सगळं त्यात अन् तेबी फुकट, आवाज एकदम स्वच्छ. माझ्याकडून पाच पैकी पाच.

लोकं घाबरतात ते नेटला. मला एका वायफायवाल्यानं सांगितलं, रेडिओ न अटकता ऐकायचाय तर १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. अहो, काही गरज नाही! ऑनलाइन रेडिओचे स्ट्रीम, म्हणजे नेटवरून सतत येत राहणारा आवाज, बहुतेक ६४ नाहीतर १२८ केबीपीएसचे असतात. हे सेकंदाला किलोबिट हायेत बरं का, केबी म्हणजे किलोबाइट काढायला आठनं भागायचं, म्हणजे १२८ वाल्याला सेकंदाला १६ केबी, तासाला ५७-५८ एमबी. दिवसरात्र २४ तास लावून ठेवला तरी १४०० एमबीच्या आतच, रोजच्या दीड जीबीत आरामात बसतो. ६४ वाल्याला त्याच्या निम्मंच.

मग अटकतो कामून? आमच्याकडं झालं असं की पुतण्यानं दादांच्याच फोनवर दुपारपर्यंत व्हिडिओ बघून दीड जीबी संपवला, अन् ते संपलं की सिमचा स्पीड पडतो ६४ केबीपीएसवर. आता १२८ चा स्ट्रीम दोन सेकंद वाजायला चार सेकंद भरत बसतो. संध्याकाळी बाजारभाव लागले, "कापूस" एवढं ऐकू आलं अन् नेमका भाव आला की फोन गोल गोल फिरायला. दादा असे चिडले की विचारू नका. अशा वेळी ३२ केबीपीएसवाला स्ट्रीम भेटला तरच चालतो.

दुसरं म्हणजे रेंज. रेडिओला लई स्पीड नको, एकसारखं नेट पाहिजे. दादा फोन खिशात घेऊन विहिरीकडं उतरले की रेडिओ बंद, कारण पुढचे काही सेकंद साठवलेले असतात तेवढे वाजतात अन् संपतात. आता फोन आखाड्याच्या खिडकीत ठेवतेत, तिथं दोन काड्या येतात, तेवढ्यावर तासन्तास चालतो. घरी वायफाय असलं तर राऊटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइट गेली की रेडिओबी गेला.

अन् घड्याळ याच्यावर लावू नका, नेटवरचा आवाज सेटपेक्षा मागं असतो.