जुन्या लुगड्यांची गोधडी: साताऱ्यातील एका घरगुती शिवणकामाचा अनुभव

भाचीच्या बाळाला बाळंतविड्याबरोबर घरचे असे काहीतरी द्यावे, या विचाराने मी गेल्या फेब्रुवारीत साताऱ्यात गोधड्या शिवून देणाऱ्या एका बाईंकडे जुन्या कपड्यांचे गाठोडे घेऊन गेले. आजीची दोन नऊवारी सुती लुगडी, आईची विटलेली इरकल, भाचीचे शाळेतले निळ्या चौकडीचे सदरे आणि दोन-तीन खणाच्या चोळ्या, असा तो ऐवज होता. बाईंचे दुकान नाही. घराची ओसरी हीच त्यांची कामाची जागा असून कापड आपणच न्यायचे असते.

त्यांनी प्रत्येक कापड दोन्ही हातांनी ताणून, उजेडाकडे धरून पाहिले आणि गाठोड्यातली एक साडी बाजूला सारली. "ताई, ही नायलॉनची घरी न्या. हिच्यात लेकराला घाम येतो," असे त्या म्हणाल्या, तेव्हाच काम योग्य हातांत पडल्याची माझी खात्री पटली. पूर्वी एका दुकानातून घेतलेल्या तयार गोधडीत यंत्राची शिलाई विरळ होती आणि आत पॉलिएस्टर भरलेले होते. दोन धुण्यांतच आतला थर एका कडेला गोळा झाला. तो अनुभव मनात असल्यामुळे मी येथे बराच वेळ बसून काम पाहिले.

एका लुगड्याचे अस्तर जमिनीवर ताणून अंथरले, त्यावर दुसऱ्या लुगड्याच्या घड्या आल्या आणि मग कोपऱ्यापासून तुकडे मांडणे सुरू झाले. खडूची रेघ नाही, कागदावर आखणी नाही. सदऱ्याचा निळा तुकडा इरकलीच्या काठाशेजारी ठेवल्यावर दोन बोटे जागा उरली, तेव्हा त्यांनी काठ आडवा फिरवून पाहिला, मान हलवली, तो पुन्हा उभा केला आणि फटीत हळदी रंगाच्या चोळीची पट्टी बसवली. माझ्या दृष्टीने साऱ्या गोधडीत तोच कोपरा सर्वांत देखणा आहे, आणि ती पट्टी कोणी आधी ठरवून तेथे लावली नसती. आपल्याला नेमका नमुना हवा असेल, तर मात्र येथे जाऊ नये. चित्र दाखवून 'अगदी असेच करा' म्हटलेले त्यांना चालत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

शिलाई पूर्णपणे हाताची आहे. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनामागून चौकोन घेत मध्यापर्यंत येतो आणि दोन ओळींत जेमतेम बोटभर अंतर असते, त्यामुळे आतल्या घड्या जागच्या हलत नाहीत. आजीच्या लुगड्याचा मऊपणा अस्तराच्या बाजूने जसाच्या तसा हाताला लागतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चार आठवड्यांचा वायदा सहा आठवड्यांवर गेला आणि बारसे त्याआधीच झाले. पहिल्या धुण्यात लाल खणाचा रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर गुलाबी डाग पडला. गडद कापड आधी वेगळे भिजवून पाहायला हवे होते, आणि ते मला सांगायला त्या विसरल्या. एका ठिकाणी दोऱ्याची गाठ वरच राहिली होती. तान्ह्या बाळाचे बोट अशा गाठीत अडकू शकते, म्हणून मी गोधडी परत नेली, तेव्हा त्यांनी आसपासची पूर्ण ओळ उसवून नव्याने घातली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तीन फूट बाय चार फुटांच्या या गोधडीचे मी 1,800 रुपये दिले. इतक्या टाक्यांना ही मजुरी कमीच वाटते, त्यामुळे घासाघीस करू नये. भाचीने गोधडी उलगडली तेव्हा तिची नजर प्रथम त्या निळ्या चौकडीवर गेली आणि ती बराच वेळ तेथेच बोट फिरवत राहिली.

मोठी गोधडी शिवून घ्यायची असल्यास कपडे माघ-फाल्गुनातच नेऊन द्यावेत. शिवून झालेली गोधडी धुऊन कडक उन्हात वाळवावी लागते, म्हणून पावसाळ्यात त्या मोठी कामे घेत नाहीत.