एसिटालोप्राम १० मिग्रॅ: गोळी चांगली, पण पट्टी वाचून घ्या

नैराश्य आणि चिंतेवर देतात ती ही गोळी. डॉक्टरांनी सुरुवातीला अर्धीच, म्हणजे ५ मिग्रॅ, नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली होती. पहिला आठवडा नकोसा गेला. मळमळ, तोंडाला कोरड, दिवसभर जांभया आणि रात्री टक्क जागी. घोडबंदर रोडच्या बसमध्ये उभं राहवेना. बरेच जण इथेच कंटाळून सोडतात. झोप आधी सुधारली, मनाला मात्र महिना लागला. जांभळी नाक्यावर मटारच्या भावावरून मी घासाघीस करायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, ‘आलीस बाई ताळ्यावर!’ त्याआधी भाजीवाला मागेल ते देऊन निघायचे.

तक्रार आहे ती विक्रीची. स्टेशनजवळच्या एका मेडिकलवाल्याने ‘ताई, तो माल नाही, हे सेमच आहे’ म्हणत दुसरी पट्टी पुढे केली. नाव तेच, पुढे फक्त ‘प्लस’. मागची बारीक अक्षरं वाचली तर आत क्लोनाझेपामही होतं. गुंगी आणणारं, सवय लावणारं औषध, आणि माझ्या चिठ्ठीत त्याचा पत्ता नाही! चिठ्ठी त्याने मागितलीच नव्हती म्हणा. पट्टी तिथेच ठेवून निघाले. आता जनऔषधी केंद्रातून घेते, स्वस्तही पडते.

दाढ काढायच्या वेळी दाताच्या डॉक्टरांना या गोळीचं आधीच सांगितलं, कारण आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे पेनकिलर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचंच नाही. घरात वयस्कर माणूस ही गोळी घेत असेल आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. ते उतरलं की माणूस बरळायला लागतो. पोरांच्या बाबतीत जास्तच जपा. आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००४ मध्ये अशा औषधांवर मुलांसाठी चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. म्हणजे गोळी देऊच नका असं नाही. सुरुवातीला आणि डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

शरीरसंबंधांची इच्छा कमी होते, हे डॉक्टर आपणहून बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, होतं, डोस बघता येतो.

पाचपैकी चार तारे. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. गरगरतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. माझा डोसही डॉक्टर हळूहळूच उतरवताहेत. रात्री-अपरात्री मनात भलतंसलतं आलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.