खांबामागून बाहेर आलो की दिसतो का? 2024 च्या डी अँड डी मधला हाइडचा नियम, दहा महिने वापरून

खांबाआड लपलेला खेळाडू उजेडात आला की दिसतो का, यावरून आमच्यात झालेलं भांडण मार्चमधलं आहे, लिहितोय आत्ता. तेव्हाच लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं, म्हणून बरं झालं थांबलो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलावर खेळायचा फाशांचा खेळ, त्यापलीकडे तो काय आहे, फासे कसे टाकतात हे सांगत बसत नाही, इथपर्यंत वाचायला आलात म्हणजे माहीत असणार. आम्ही पाच जण दर शनिवारी दादाकडे जमतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तोच डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, वहिनी विझार्ड (जादूगार) खेळतात, मी हाफलिंग, म्हणजे बुटका, क्लास रोग (rogue, म्हणजे चोरटा): लपायचं, मागून वार करायचा, परत लपायचं, हेच माझं काम. 2014 च्या पुस्तकावर चार वर्षं खेळलो आणि जानेवारी 2025 पासून 2024 चं नवीन पुस्तक. ते पाच जणांत वर्गणी काढून मागवलं, अमेरिकेत त्याची छापील किंमत 49.99 डॉलर आहे, म्हणजे इथे येईपर्यंत स्वस्त पडत नाही. आणि एप्रिलमध्ये त्यातले मूळ नियम एसआरडी 5.2 नावाने फुकट जाहीर झाले, हाइडच्या, म्हणजे लपण्याच्या, नियमासकट. तो राग वेगळाच, पण या लिखाणात तो अधूनमधून डोकावणार हे आधीच सांगतो.

तर मार्चमधली ती रात्र. आमच्याकडे मिनिएचर वगैरे काही नाही, चौकटींचा कागद आणि कॅरमच्या सोंगट्या. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे खांब, काळ्या म्हणजे गॉब्लिन, लाल क्वीन म्हणजे त्यांचा सरदार, आणि मी शर्टाचं निळं बटण. लेव्हल 5. मी खांबामागे गेलो, टर्नमध्ये मिळणाऱ्या जास्तीच्या छोट्या कृतीने, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने हाइड केलं, फासा 14, माझं स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) अधिक 10, झाले 24. नवीन नियमात 15 पुरतात. क्वीन माझ्यापासून चार घरं, म्हणजे 20 फूट, मध्ये मशालींचा उजेड. मी म्हटलं मी लपलेलो आहे, धावत जाऊन रेपियरने वार, अ‍ॅडव्हांटेजने, म्हणजे दोन टाकून मोठा धरायचा, म्हणून दोन फासे हातात घेतले. दादा म्हणाला एकच टाक, खांबामागून निघालास की दिसलास. एक टाकला, 6 आला, वार हुकला. दुसरा हातातच होता, तो मी तरीही टाकला. 18.

मग तीन गॉब्लिन माझ्याभोवती, आणि माझा पुढचा टर्न यायच्या आत बटण आडवं.

मी म्हटलं दादा, पुस्तकात कुठे लिहिलंय दाखव. तो म्हणाला लिहायला कशाला हवं, उजेडात पळणारा माणूस दिसतोच. वहिनींनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. दाट अंधार-धुकं किंवा कमीत कमी पाऊण अंग झाकणारी आड हवी, शत्रूच्या नजरेच्या रेषेत नको, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) 15 पार केला की तुला इन्व्हिजिबल कंडिशन, म्हणजे अदृश्य अवस्था, मिळते. ती कधी जाते? कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलास, अटॅक रोल केलास, बोलून म्हणायचा मंत्र टाकलास, किंवा शत्रूने तुला शोधलं तर. बास, चारच गोष्टी. आडोशातून बाहेर आलास तर, असं कुठेही नाही. मी उड्या मारायला लागलो. त्यावर वहिनी म्हणाल्या, थांबा भाऊजी, "शोधलं" म्हणजे सर्च अ‍ॅक्शन घेऊन परसेप्शनचा (निरीक्षणाचा) फासा टाकूनच शोधलं पाहिजे, की समोर दिसलात तेही शोधणंच, हे कुठे लिहिलंय? तेही लिहिलेलं नाही. रात्री दीड वाजेपर्यंत हेच चालू होतं, शेवटी पोरगा उठला आणि वहिनींनी दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी मी जुनं पुस्तक काढलं. त्यात दोन वाक्यं होती जी नव्यात गायब आहेत. एकात म्हटलंय की लढाईत सगळे चौफेर सावध असतात, त्यामुळे लपलेल्या जागेतून निघून कोणाकडे जायला लागलात तर सहसा तो बघतोच. आणि दुसऱ्यात, त्याचं लक्ष दुसरीकडे गुंतलं असेल तर डीएम तुम्हाला लपलेलं राहू देऊ शकतो. दादा इतकी वर्षं त्याच दोन वाक्यांवर चालत होता, मीही, आणि आम्हाला दोघांना ते माहीत नव्हतं. इतकं जाड पुस्तक, रंगीत चित्रं, आणि रोग खेळणाऱ्याला दर टर्नला लागणारी दोन वाक्यं काढून टाकली, त्यांच्या जागी काहीच नाही. जेमतेम चार ओळींची जागा लागली असती. या एका गोष्टीवरून मी तेव्हा या पुस्तकाला पाचपैकी दीड स्टार दिला असता, आणि खरं सांगतो, वर्गणीचे पैसे परत मागायचाही विचार आला होता.

मे-जूनमध्ये मत बदललं. पहिलं कारण व्हेक्स, म्हणजे काही शस्त्रांचा एक खास गुण. नवीन पुस्तकात रेपियर आणि शॉर्टबो दोन्हींना व्हेक्स आहे, एकदा वार लागून डॅमेज झालं की पुढच्या टर्नला त्याच शत्रूवर अ‍ॅडव्हांटेज. शिवाय लेव्हल 3 ची स्टेडी एम, जागेवरून हलायचं नाही, बोनस अ‍ॅक्शनने अ‍ॅडव्हांटेज. म्हणजे जास्त डॅमेज करणाऱ्या रोगच्या खास वारासाठी, स्नीक अ‍ॅटॅकसाठी दर टर्नला लपायची गरजच उरलेली नाही, आणि आपला कोणी शत्रूच्या 5 फुटांत असेल तर ती आधीही नव्हती. मी चार वर्षांच्या सवयीने खांब शोधत होतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लपण्याचा खरा फायदा वार करण्यात नाही, वाचण्यात आहे. जूनमध्ये एका जादूगाराशी लढाई होती, दादाने माझ्यावर होल्ड पर्सन (माणसाला जागीच जखडणारा मंत्र) टाकायचं ठरवलं, आणि त्या मंत्राला समोरचा दिसावा लागतो. मी दिसत नव्हतो. दादाने स्वतःच पान उघडलं, वाचलं, काही न बोलता मंत्र वहिनींच्या विझार्डवर टाकला. (वहिनी त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत, हेही नोंदवतो.) फायरबॉलला (आगीच्या स्फोटाच्या मंत्राला) दिसणं लागत नाही, त्यामुळे त्यात भाजलोच, पण तरीही.

मग लेव्हल 7 आली आणि रिलायबल टॅलेंट मिळालं. जुन्या पुस्तकात ते 11 ला मिळायचं. आता ज्या स्किलमध्ये प्रावीण्य आहे त्यात 9 किंवा कमी पडलं तरी 10 धरायचे. माझं स्टेल्थ अधिक 10, म्हणजे कमीत कमी 20, म्हणजे 15 चा डीसी आता हुकतच नाही. आणि गॉब्लिनचं परसेप्शन वजा 1. एका रात्री एका गॉब्लिनने त्याची पूर्ण अ‍ॅक्शन खर्च करून मला शोधायचा प्रयत्न केला, दादाने सगळ्यांसमोर फासा टाकला, नॅचरल 20. टेबलावर सगळे ओरडले. 20 वजा 1, 19. अटॅक रोलला 20 म्हणजे आपोआप यश, पण स्किलच्या चेकला तसं नाही. माझे 20 होते. दादा त्या फाशाकडे दोन मिनिटं बघत होता. त्या रात्री मी या पुस्तकाला साडेचार दिले असते.

पण मूळ भोक तसंच आहे. उलट आता जास्त त्रास देतं, कारण लपणं इतकं पक्कं झाल्यावर "खांबामागून निघालो की काय" हा प्रश्न दर लढाईत दोनदा येतो. सगळा घोळ त्या इन्व्हिजिबल शब्दाने केलाय. मंत्राने अदृश्य झालेला आणि खांबाआड गप्प बसलेला, दोघांना एकाच कंडिशनमध्ये टाकलंय. मग वहिनींनी विचारलं की सी इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य गोष्टी दाखवणारा मंत्र) टाकला तर खांबाआडचे भाऊजी मला दिसणार का, तर याला कोण काय उत्तर देणार.

ऑगस्टमध्ये कंटाळून तीन आठवडे पाथफाइंडर सेकंड एडिशन हा डी अँड डीसारखाच दुसरा खेळ खेळलो. त्याचे नियम ऑनलाइन अधिकृतपणे फुकट आहेत, त्यामुळे वर्गणी शून्य. तिथे हा प्रश्नच उरत नाही. ऑब्झर्व्हड, हिडन, अनडिटेक्टेड, अननोटिस्ड अशा चार पायऱ्या, उघड दिसण्यापासून असल्याचाही पत्ता नसण्यापर्यंत. तू हिडन असशील तर तू कुठे आहेस हे शत्रूला कळतं पण नीट दिसत नाहीस, तुझ्यावर वार करायला त्याला आधी साधा फासा टाकून 11 आणावे लागतात. आणि स्नीक करताना अर्ध्या वेगाने जायचं, शेवटी आडोसा नसेल तर दिसलास. स्पष्ट लिहिलंय, भांडायला जागाच नाही. पण स्टेल्थचा फासा गुपचूप डीएम टाकतो, आणि मला ते जमेना. आठवडाभर वाट बघायची, आणि माझ्या लपण्याचा फासा दुसऱ्याने पडद्यामागे टाकायचा? तीन शनिवारांनंतर मीच म्हटलं परत जाऊ.

परत आलो ते पाथफाइंडरची एक गोष्ट घेऊन. आता आमचं असं ठरलंय: टर्नच्या सुरुवातीला लपलेला असशील तर अर्ध्या वेगापर्यंत, माझ्यासाठी 15 फूट, उघड्यावर येऊनही पहिल्या वारापर्यंत लपलेलाच. त्यापुढे एक घर जरी गेलास तरी दिसलास. टर्न उघड्यावर संपला तरी दिसलास. आणि ज्याचं पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचं निरीक्षण) तुझ्या स्टेल्थइतकं किंवा जास्त, त्याला सर्च न करता दिसतोस. मार्चमध्ये हा नियम असता तरी मी मेलोच असतो, कारण टर्नच्या सुरुवातीला मी लपलेलो नव्हतो, त्याच टर्नमध्ये लपलो होतो. पण तेव्हा मेलो असतो तर का मेलो ते कळलं असतं.

नवीन खेळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: रोग खेळणार असाल तर आधी फुकटचं एसआरडी डाउनलोड करा, त्यातला हाइड आणि इन्व्हिजिबलचा भाग डीएमसोबत बसून वाचा, लढाई सुरू व्हायच्या आधी, आणि काय ठरलं ते लिहून ठेवा. आमचं एका पोस्टकार्डवर दादाच्या अक्षरात लिहिलेलं आहे, पुस्तकात त्याच पानावर चिकटवलंय. त्यावर "15 फूट" खाली दोन रेघा मारल्यात, त्या वहिनींनी.