कॅमेलिऑनसाठी फांद्या: बाहेरून आणायच्या का विकत घ्यायच्या, आणि ओव्हन, उकळतं पाणी का ब्लीच?

मुलाच्या हट्टामुळे चार वर्षांपूर्वी आमच्या न्यू जर्सीच्या घरी व्हेल्ड कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात, आला, त्याचं नाव बंड्या. ही जात मूळची येमेन आणि सौदीची. आता इथल्या ओळखीतल्या दोघातिघांनी पाळायचं ठरवलंय आणि सगळे मला एकच विचारतात, त्याच्या पिंजऱ्यातल्या फांद्या मागच्या अंगणातून तोडून चालतील का दुकानातल्याच घ्याव्यात, आणि स्वच्छ कशा करायच्या. मी दोन्ही करून बसलेय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्याचा पाय बघा. पुढच्या पायाला आतून तीन आणि बाहेरून दोन बोटं जुळलेली, मागच्याला उलट, आतून दोन बाहेरून तीन. सांडशीने पातेलं धरावं तशी पकड असते. फांदी अशी हवी की बोटं जवळजवळ पूर्ण वळसा घालतील, आणि सगळ्या एकाच जाडीच्या नकोत, करंगळीएवढी, अंगठ्याएवढी, मधेच गाठ असलेली अशा मिसळून. म्हणून गोल गुळगुळीत लाकडी दांडे, जे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते मला अजिबात पटत नाहीत, सगळीकडे एकच जाडी आणि पकडायला खरखरीतपणाच नाही. बांबूचं पण तेच, वर त्याच्या पोकळ टोकात क्रिकेट, म्हणजे त्याला खायला सोडलेले रातकिडे, जाऊन बसतात. प्लास्टिकच्या वाकवता येणाऱ्या वेली सोयीच्या खऱ्या, पण वरचं शेवाळासारखं आवरण सुटायला लागतं आणि बंड्याची जीभ अंगाच्या दीडपट लांब बाहेर पडते, किड्याऐवजी फांदीला लागली की तो कचरा सरळ तोंडात. आम्ही सहा महिन्यांत काढून टाकल्या.

आता दुकानातलं खरं लाकूड. ग्रेपवाइन, म्हणजे द्राक्षवेलीची वाळकी फांदी, दिसायला फार सुंदर, पण ती वाळवंटातल्या सरड्यांना ठीक, आपल्याकडे दिवसातून दोनदा पाणी फवारायचं असतं, तिच्या भेगांमध्ये ओल धरते आणि बुरशी येते. मांझानिटा, म्हणजे त्या नावाच्या झुडपाची फांदी, कडक, वर्षानुवर्षं टिकते, पण जड आहे, गुळगुळीत आहे आणि महाग, मी एका तुकड्याला पंचवीस डॉलर मोजलेत. अंगणातल्या मेपल, ओक, डॉगवूड, सफरचंद यांच्या फांद्या फुकट, साल खरखरीत, बेचकी हव्या तशा मिळतात. डॉगवूडच्या बेचकीवर बंड्या अक्षरशः तासन् तास बसतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, अंगण असेल आणि झाड ओळखता येत असेल तर बाहेरचीच घ्या, नसेल तर मांझानिटाचा एक मोठा तुकडा घ्या आणि बाकी भर कुंडीतल्या झाडांनी घाला.

झाड ओळखता येणं ही अट मात्र खरीच पाळा. पाइन, सीडार वगैरे सगळी चिकाची, उग्र वासाची झाडं बाद. यू, ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लॅक लोकस्ट विषारी, आणि आपली कण्हेर इथे कुंडीत ओलिअँडर म्हणून असते ती तर नकोच, कारण व्हेल्ड नुसते बसत नाहीत तर पानं पण चावतात. चेरीची पण मी घेत नाही. शेजाऱ्यांनी औषध मारलेलं झाड नको, रस्त्याकडेचं नको, आणि स्टेट पार्कमधून काही उचलून आणायचं नाही.

पॉयझन आयव्हीचं वेगळं सांगते कारण आपल्या लोकांना याची कल्पना नसते. झाडाच्या बुंध्यावर केसाळ दोरीसारखी चढलेली वेल दिसली तर हात लावू नका. ती आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली. गावाकडे बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको, फोड, खाज, आठवडाभर हाल. तिचं तेल वाळलेल्या वेलीवर पण टिकून राहतं, आणि जळली तर धुरातून फुप्फुसात जातं. जंगली द्राक्षाची वेल समजून हिचा तुकडा ओव्हनमध्ये गेला तर काय होईल विचार करा. म्हणून मी बाहेरून वेल हा प्रकार आणतच नाही, फक्त झाडाची फांदी.

फांदी तोडली की उन्हात धरून नीट बघायची. इकडे लँटर्नफ्लाय या झाडांवरच्या किडीचा सुळसुळाट झालाय, २०१४ ला पेन्सिल्व्हेनियात सापडला आणि नंतर आमच्याकडे पसरला, त्याची अंडी म्हणजे सालीवर वाळलेल्या चिखलाचा थर दिला असावा तशी दिसतात, ती खरवडून साबणाच्या पाण्यात टाकायची. आणि अंगणातून आल्यावर स्वतःच्या अंगावर टिक (गोचीड) चढला नाही ना ते पण बघायचं. सैल साल सगळी काढून टाकायची, जी नखाने निघते ती बंड्याच्या वजनाने पण निघणारच, शिवाय सालीखाली क्रिकेट लपतात आणि रात्री झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.

आता स्वच्छ कसं करायचं. ओव्हन, उकळतं पाणी आणि ब्लीच या तिन्हीत मला उकळतं पाणी आवडतं. ताठ ब्रशने घासायचं, टबमध्ये ठेवून सगळीकडून उकळतं पाणी ओतायचं, परत घासायचं, आणि मग डेकवर उन्हात आठवडाभर पूर्ण वाळवायचं. वाळवणं हे अर्धं काम आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात, ओली फांदी पिंजऱ्यात गेली की पंधरा दिवसांत पांढरी बुरशी. लहान तुकडे असतील तर ओव्हन चांगला, २५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२० सेल्सियस, अर्धा पाऊण तास, पण तोपर्यंत ओव्हनसमोरून हलायचं नाही आणि चार फुटी फांदी मुळात मावतच नाही. ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, हे चालतं, पण लाकूड ते पिऊन घेतं, मग वारंवार धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा, आणि त्याच बादलीत व्हिनेगर कधीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो. फ्रीझरमध्ये ठेवून काही होत नाही, इथल्या हिवाळ्यात झाडावर टिकलेली अंडी तुमच्या फ्रीझरला काय भीक घालणार.

एक अपवाद. दुसऱ्या कुणाच्या कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातली वापरलेली फांदी फुकट मिळाली तरी घेऊ नका. कॉक्सिडियासारख्या परजीवींवर ब्लीचचा परिणाम होत नाही. आणि वापरलेली फांदी स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तर नकोच, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो, घरात लहान मुलं असतात.

पण खरं सांगू का, जंतूंवर एवढा खल होतो आणि आमच्या बंड्याला जे लागलं ते जंतूंनी नाही. तो लहान असताना ऊब देणाऱ्या लॅम्पखालची फांदी बसवली, फांदीवर तापमान मोजलं, ८५ फॅरनहाइट, उत्तम. वर्षभरात तो वाढला, डोक्यावरचा तुरा उंच झाला, फांदी तिथेच राहिली. एक दिवस तुऱ्याच्या टोकावर फिकट डाग दिसला, दोन दिवसांत काळा पडला. भाजलं होतं. ते बघून मुलगा रडला आणि मला पण फार अपराधी वाटलं. डॉक्टरांनी मलम दिलं, बरा झाला, टोकाचा आकार मात्र थोडा बिघडला तो बिघडलाच. तेव्हापासून थर्मामीटर फांदीवर न ठेवता त्याच्या तुऱ्याच्या उंचीवर धरते, लॅम्प पिंजऱ्याच्या वरच्या जाळीपासून वर उचललाय, आणि जाळी ते फांदी नऊ इंच तरी अंतर ठेवते.

दुसरं म्हणजे पडणं. जाळीच्या पिंजऱ्यात नुसत्या जाळीला फांदी बांधली तर जाळी फाटते. हॉट ग्लू लॅम्पच्या उष्णतेने मऊ होतो, विसरा. झिप टाय हलक्या फांद्यांना ठीक, पण दोन्ही टोकांना हवेत आणि कापलेलं टोक नेलकटरने अगदी सपाट करा, ते ब्लेडसारखं कापतं. जड फांदीला फ्रेममधून आरपार स्क्रू आणि वॉशर, याला पर्याय नाही. बसवून झालं की पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली मधोमध लटकवून रात्रभर सोडा, बंड्या दीडशे दोनशे ग्रॅमचा आहे, तेव्हा एवढं पेललं तर तो निर्धास्त चालेल.

भारतातून कुणी वाचत असेल तर एवढंच, आपला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला पकडून पाळायचं नाही, फांद्या कितीही चांगल्या लावल्या तरी.

बाहेरची फांदी कायमची नसते हे पण धरून चला. कुंडीच्या मातीत खोचलेली असेल तर खालून आधी कुजते. मी दर महिन्याला बुडाशी अंगठ्याचं नख दाबून बघते, नख आत गेलं की त्याच दिवशी फांदी बदलते.