बैठकीचा लाकडी मंच: बिजागरीचा की खाचांचा?

घरी, सोसायटीच्या सभागृहात किंवा गच्चीवर गाण्याची बैठक करायची. गायक, मागे दोन तानपुरे, पेटी आणि तबला यांना पुरेल असा 8 बाय 8 फुटी मंच हवा, आणि गाणं संपलं की तो कपाटामागे गेला पाहिजे. अशा वेळी समोर मुख्यतः दोन वाटा असतात. एक, बिजागऱ्यांची घडीची चौकट. दुसरी, उभ्या फळ्या अर्ध्या-अर्ध्या खाचांनी एकमेकींत बसवून केलेली जाळी. मी दोन्ही करून घेतल्या. पहिली 4 वर्षं वापरली, दुसरी आजही वापरतो. चारी बाजूंनी बंद पेट्यांचाही मंच होतो, पण त्या पोकळीत डग्गा फार घुमतो, म्हणून त्या वाटेला मी गेलो नाही.

वरचा भाग दोन्हीकडे सारखाच. 8 बाय 4 चे 18 मिलिमीटर जाडीचे दोन प्लाय घ्यायचे आणि प्रत्येकाचे 4 बाय 2 चे चार तुकडे करायचे. एक तुकडा साधारण 9 किलोचा होतो, एकट्याला उचलता येतो, जिन्याच्या वळणावर अडत नाही. 4 बाय 4 चे तुकडे दिसायला सुटसुटीत वाटतात, पण लहान गाडीत जात नाहीत.

वेगात घडीची चौकट निर्विवाद सरस. दोघांनी उघडायची, वर प्लाय ठेवायचा, सतरंजी अंथरायची. दहा मिनिटांत मंच तयार. सुटा भाग हरवण्याची भीती नाही. कीर्तनासाठी किंवा भजनी मंडळासाठी करत असाल तर मी हीच सुचवेन. टाळ-मृदंगाच्या गजरात तिची एक खोड ऐकूही येत नाही.

ती खोड म्हणजे करकर. आमच्याकडच्या एका बैठकीत पूरियाची आलापी सुरू होती. तानपुरे सुंदर लागले होते. गाणारे मांडी बदलायला जरा कलले आणि खालून ‘कुईं’ असा आवाज आला. मग तो दर वेळी येत राहिला. भरीला डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर एक बिजागरी बारीक झणझणायची. त्या दिवशी मी पूरिया ऐकला नाही, बिजागरी ऐकली, आणि ध्वनिमुद्रणात ती आजही आहे. तेल घातलं, ते एका कार्यक्रमापुरतं टिकलं आणि सतरंजीला डाग पडला. स्क्रू आवळले. पण प्लायच्या कडेत स्क्रूची पकड मुळातच कमी. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, भोकं सैल होत जातात. उत्तम बिजागऱ्या आणि सागवानी चौकट घेतली तर कदाचित असं होणार नाही. मी तो खर्च केला नव्हता.

खाचांच्या जाळीच्या सांध्यांत धातूच नाही. 9 इंची फळीला साडेचार इंचांची खाच वरून, दुसरीला तेवढीच खालून. एका तुकड्याखाली तीन लांब आणि तीन आखूड फळ्या ठेवल्या की आधार एकेका फुटावर येतो आणि प्लाय दबत नाही. फळीच्या वरच्या कडेला जाड फेल्टची पट्टी चिकटवली, खाचांत मेण घासलं. या मंचावर तीन वर्षांत मला करकर ऐकू आलेली नाही. डग्गाही मोकळा, स्वच्छ वाजतो असं मला वाटतं. माझ्या कानांचा पक्षपात त्यात असेल, पण आमच्या तबलजींनीही आपणहून तेच सांगितलं. गच्चीला पाण्यासाठी उतार असतोच. तिथे एका बाजूला पाचरी सरकवल्या की काम होतं.

मांडायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो आणि सगळ्या मिळून 48 फळ्या सांभाळाव्या लागतात. सतरंजीखाली तुकडे एकमेकांपासून सरकू नयेत म्हणून शेजारच्या जाळ्या हातानं फिरवायच्या विंग नटांनी जोडतो, मध्ये रबराची चकती ठेवून. रोज मंच मांडणाऱ्याला हे जाच वाटेल. महिन्यातून एक बैठक करणाऱ्यानं, आणि विशेषतः तानपुऱ्यासाठी जीव टाकणाऱ्यानं, हा अर्धा तास द्यावा असं मला मनापासून वाटतं.

सुताराकडे जाल तेव्हा दोन गोष्टी आधी ठरवा. खाच फळीच्या जाडीपेक्षा मिलिमीटरभर मोठी हवी, म्हणजे फळी हातानं दाबून बसेल. मी मे महिन्यात घट्ट बसवून घेतल्या आणि जुलैत त्या निघेनात. शेवटी सगळ्या खाचा तासाव्या लागल्या. कापलेल्या कडांना सीलरचे दोन हात द्यायचे, ते त्यानंतर सुचलं. दुसरं, फळ्यांवरचे आकडे पॉलिशच्या आधी पटाशीनं कोरून घ्या. माझे पेन्सिलीचे होते, वर्षभरात पुसले गेले.