सगळं ब्राउझरमध्ये न्यायचं की लिब्रेऑफिस टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात जो भेटतो तो हेच विचारतो, की लॅपटॉप तर मस्त चालतोय पण विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही, नवा घ्यायची इच्छा नाही, ऑफिसचे दरवर्षी पैसे भरायचे तर त्याहून नाही, मग भिया सगळं फुकटात ब्राउझरमध्येच का नको करायचं? प्रश्न बरोबर आहे. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलोय, आजही दोन्ही थोडेथोडे वापरतो, पण तुम्हाला एकच निवडायचं असेल तर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

एक रस्ता म्हणजे गुगल डॉक्स-शीट्स, किंवा मायक्रोसॉफ्टचं फुकटवालं वेब ऑफिस, किंवा आपलं चेन्नईचं झोहो, ज्याचं रायटर २००५ पासून आहे म्हणजे गुगलच्याही आधीचं. या तिघांत काय फरक ते मी सांगत बसत नाही, रोजच्या कामाला तिन्ही पुरतात. दुसरा रस्ता म्हणजे लिब्रेऑफिस, वर्ड-एक्सेलसारखंच पण फुकट, ते उतरवून मशीनवर टाकायचं आणि फायली आपल्या आपल्याजवळ. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून घेतलं असेल तर ते सोबतच येतं, काही करावं लागत नाही. एक मात्र बघा, जुन्या सवयीने बरेच जण अजून ओपनऑफिस शोधून तेच टाकतात. तसं करू नका. २०१० मध्ये त्यातले बरेचसे लोक बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं, खरं काम तेव्हापासून तिकडेच चालतंय.

आता वेबवाल्याचं जे चांगलं आहे ते आधी मोकळ्या मनाने सांगून टाकतो. मोबाइलवर त्याला तोड नाही. आमच्या घरात अर्ध्या लोकांचा कॉम्प्युटर म्हणजे मोबाइलच, आणि लिब्रेऑफिसवर बेतलेलं कोलॅबोरा ऑफिस मोबाइलवर मिळतं खरं पण ते कोणी टाकून घेत नाही, लिंक पाठवली की लगेच उघडली पाहिजे एवढंच लोकांना कळतं. एकाच शीटमध्ये तिघं जण एका वेळी लिहू शकतात, कोणी काय बदललं ते मागे जाऊन बघता येतं, हे तर आहेच. आणि बोलून टाइप करणं. क्रोममध्ये डॉक्स उघडून भाषा मराठी केली की बोलाल ते उमटतं, आमच्या काकूंनी भुट्ट्याच्या किसापासून गराडूपर्यंत सगळ्या रेसिप्या अशाच बोलून लिहून घेतल्यात, मध्ये मध्ये हिंदी आलं की ते जरा गडबडतं पण आपण इंदूरवाले अर्धं हिंदीच बोलतो त्याला ते बिचारं काय करणार. लिब्रेऑफिसमध्ये ही सोय नाही. ज्यांना टायपिंग येत नाही, शिकायचंही नाही, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल, वेबच घ्या.

नेटचं रडगाणं मी फार गाणार नाही. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बसतो, मग मोबाइलचं हॉटस्पॉट, ते आता सगळ्यांना सवयीचं झालंय. डॉक्समध्ये ऑफलाइनची सेटिंगही आहे, फक्त ती नेट असताना आधी चालू करून ठेवावी लागते. खरा फरक मशीनच्या दमात पडतो. माझा जुना ४ जीबीवाला लॅपटॉप, जेल रोडवर एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकून घेतली तरीसुद्धा ब्राउझरमध्ये मेल, शीट, डॉक्युमेंट आणि एक गाणं असं उघडलं की पंखा गरागरा फिरायला लागतो. लिब्रेऑफिस पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं, मग गप्प चालतं. मोजमाप काही केलेलं नाही, कानाला जे ऐकू येतं ते सांगतोय.

मराठी टायपिंगच्या बाबतीत दोन्हीकडे थोडी थोडी कटकट आहे. लिब्रेऑफिसमध्ये आधी ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची, खूण करावी लागते आणि मग देवनागरीचा फॉन्ट वेगळा, इंग्रजीचा वेगळा असा हिशोब असतो. तुम्ही वरून फॉन्ट बदलता, इंग्रजी बदलतं, मराठी जागचं हलत नाही, नवीन माणूस इथेच वैतागून सोडून देतो. एकदा सेट केलं की विसरायचं. वेबवर ही भानगड नाही, मुक्ता, बालू असे चांगले फॉन्ट आयते मिळतात आणि टिरो देवनागरी मराठी घेतलं तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर इकडे सगळीकडे हिंदी वळणाचेच दिसतात आणि पत्रिकेत ते बघून आमचे जुने लोक लगेच नाक मुरडतात.

पण जुन्या फायलींचं काय करणार? हे इंदूर-ग्वाल्हेरच्या लोकांनी नीट वाचा. आपल्याकडे कचेऱ्यांपासून डीटीपीच्या दुकानांपर्यंत वर्षानुवर्षं कृतिदेव हा जुना हिंदी फॉन्ट चाललाय, आणि मराठी मजकूर टाइप करून देणाराही हिंदी टायपिंग शिकलेलाच असायचा, त्यामुळे मंडळांच्या स्मरणिका, जुने अहवाल, घराची कागदपत्रं सगळं कृतिदेवमध्ये. ही फाइल आत खरं तर इंग्रजी अक्षरांचीच असते, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. गुगल डॉक्समध्ये स्वतःचा फॉन्ट टाकता येत नाही, म्हणून तिथे उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. लिब्रेऑफिस मशीनवरचेच फॉन्ट घेतं, कृतिदेव टाकलेला असला की फाइल जशीच्या तशी समोर. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांमध्ये, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, रफाराचंही उलटसुलट, त्यामुळे जोडाक्षरांच्या ठिकाणी हमखास घोळ होतो आणि सगळं परत वाचून काढावं लागतं. स्मरणिकेत देणगीदाराचं आडनाव चुकलं तर काय होतं ते ज्याने मंडळ चालवलंय त्याला विचारा.

तरी एवढ्यावरून मी लिब्रेऑफिसकडे वळलो नसतो. मला वळवलं ते ओटीपीने.

झालं असं की आमच्या गणपती मंडळाचा हिशोब आणि मंडळाचा मेल हे सगळं जुन्या खजिनदार काकांनी फार वर्षांपूर्वी उघडलेल्या एका खात्यात होतं. कोणत्या कंपनीचं ते सोडा, सगळीकडे हे असंच असतं. काका आता मुलीकडे हैदराबादला. नव्या लॅपटॉपवर खातं उघडायला गेलो की कोड जातो त्यांच्या मोबाइलवर. मग फोन. काका, कोड आलाय का बघा. थांब हं, चष्मा घेतो. मग ते फोन कानाचा काढून मेसेज बघतात, तेवढ्यात फोन कट, परत लावला तर म्हणतात दोन कोड आलेत, कुठला सांगू. वरचा की खालचा यात आणखी वेळ, आणि तिकडे कोडची मुदत संपलेली. दुपारी त्यांची झोप, संध्याकाळी भजन, आणि त्यांनी तरी का म्हणून मंडळ सोडल्यावरही आमची चौकीदारी करावी? वर्गणीची यादी छापायची असते, पोरं पावतीपुस्तकं घेऊन दारात उभी असतात आणि आपण एका माणसाच्या वामकुक्षीकडे डोळे लावून बसलोय.

बरं, हे फक्त वेळ जाण्यापुरतं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्यांनी उद्या ते सिम बंद केलं तर? बंद झालेला नंबर ९० दिवस तसाच ठेवतात आणि मग तो दुसऱ्या कोणाला तरी मिळू शकतो. म्हणजे आमच्या हिशोबाची किल्ली कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात. आणि शेअर केलेल्या फायलीचं तुम्हाला सगळं बदलायची परवानगी असली तरी मालक तो ज्याने ती बनवली, त्याचं खातं गेलं की फाइल सगळ्यांचीच गेली. गुगलचा नियम असा आहे की दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर ते काढून टाकू शकतात. फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहेत, जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतात, म्हणजे कोणी उत्साहात अनंत चौदसच्या झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, व्हिडिओ रात्रभर काढून चढवले की जागा संपली आणि मेलही यायचा बंद. यात कोणाची बदमाशी नाही, नियम उघड लिहिलेले आहेत, पण मंडळासारखी गोष्ट, जिथे दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलतात, ती एका माणसाच्या नंबरावर टांगून ठेवणं मला काही पटेना.

लिब्रेऑफिसमध्ये हे प्रकरण किती साधं आहे बघा. नवीन खजिनदाराला काय देतो आपण, पावतीपुस्तकं, शिक्का, बँकेचं पासबुक, कपाटाची किल्ली. त्यात एक पेन ड्राइव्ह वाढला. फाइलला पासवर्ड हवा असेल तर सेव्ह करतानाच टाकता येतो, तो दोघांना सांगून ठेवायचा. ज्या फॉर्मॅटमध्ये ती सेव्ह होते तो २००६ पासून आयएसओचा आहे, उद्या लिब्रेऑफिसही राहिलं नाही तरी दुसरं काहीतरी ती उघडेल. पेन ड्राइव्ह खराब होतात, हे मान्य, म्हणून दोन ठेवा, एक सचिवाच्या घरी. घरच्या कामालाही माझं आता हेच आहे, वीजबिलाची नोंद, भाडेकरूचा करार, आईच्या औषधांची यादी, बायकोच्या शिवणाचा हिशोब, सगळं मशीनवर, खातं नाही, कोड नाही, उघडलं की उघडलं.

म्हणजे वेब वाईट असं मी म्हणत नाहीये हं. गणपतीच्या दहा दिवसांत महाप्रसादाच्या ड्यूट्या लावायच्या, कोण किती नारळ आणणार, तर तिथे शीटच बरी, कारण तिचं आयुष्यच दहा दिवसांचं आणि ती हरवली तरी कोणाचं काही जात नाही. मुलगा पुण्यात आणि तुम्ही इथे, दोघांनी मिळून एखाद्या लग्नाचा खर्च लिहायचा तर वेबशिवाय सोय नाही. फोटोची किरकोळ काटछाट करायला मीसुद्धा ब्राउझरमध्ये फोटोपी वापरतो, ते उघडतं ब्राउझरमध्ये पण काम आपल्याच मशीनवर करतं, फोटो कुठे चढत नाही. याच्या उलट पीडीएफ जोडून देणाऱ्या, छोटी करून देणाऱ्या फुकट साइटी, त्यांच्यावर लोक आधार कार्ड, पॅन कार्ड बिनधास्त चढवतात, ते मला बघवत नाही. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ थेट निघते, तिचा आकारही तिथेच कमी करता येतो, आणि एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या, दुकानात प्रिंट काढायला तीच पेन ड्राइव्हवर न्यायची. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडायचं आणि गडबडीत साइन आउट करायचं राहून जायचं, हे आमच्या कॉलनीत नवीन नाही.

तर ठरवायचंच असेल तर मी असं विचारेन, की ही फाइल पाच वर्षांनी लागणार आहे का, आणि तेव्हा ती उघडणारा माणूस तुम्हीच असणार का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं माहीत नाही असं असेल तर लिब्रेऑफिस. बाकी ज्याची त्याची सोय.

आणि तरीही वेबवरच जायचं नक्की केलं असेल तर पहिल्याच दिवशी एवढं करून घ्या. खात्यात दुसऱ्या भरवशाच्या माणसाचा नंबर आणि मेल रिकव्हरीला टाका. बॅकअप कोड मिळतात ते छापून कपाटात ठेवा, त्याने ओटीपीवाचून काम होतं. गुगल असेल तर इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सेटिंग आहे, आपण बराच काळ फिरकलो नाही तर आपला डेटा कोणाला द्यायचा ते त्यात सांगून ठेवता येतं. संस्थेच्या फायलींची मालकी खजिनदार बदलताना शेअरच्या खिडकीतून नव्या माणसाच्या नावे करा, त्याने ती स्वीकारावी लागते, तेव्हा दोघं समोरासमोर असताना करा. आणि दर वर्षी विसर्जन झालं की सगळं एकदा डाउनलोड करून मशीनवर उतरवून ठेवा, उघडायला लिब्रेऑफिस लागेलच, तेही तेव्हाच टाकून घ्या.