एसीसीतलं पहिलं वर्ष: बर्कलीच्या फुटबॉलचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑगस्ट 2024 मध्ये मी दोन गोष्टींवर पैसे घातले. एक, कॅल बर्कलीच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) अमेरिकन फुटबॉलची दोन सीझन तिकिटं. दुसरं, एसीसी नेटवर्क ज्यात येतं ते टीव्हीचं वरच्या दराचं पॅकेज. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, कॅल यंदापासून ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं तो. आता मार्च 2025 संपत आलाय. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले बरेच मराठी लोक विचारतात, "घ्यावं का गं? पोरं मागे लागलीत." म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडी मागची गोष्ट. मी बर्कलीला शिकायला आले तेव्हा आपली कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, पॅक-10 होती, 2011 पासून पॅक-12. मुळं 1915 सालची. सगळे शेजारी: स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, ओरेगन, वॉशिंग्टन. जून 2022 मध्ये यूएससी आणि यूसीएलएने बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं. दीड-दोन महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. पॅक-12 ला मात्र टीव्हीवाल्यांकडून मनासारखा आकडा मिळेना. शेवटी अ‍ॅपलचा प्रस्ताव आला, त्यात पैसा किती मिळणार हे वर्गणीदार किती होतात यावर. 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली. कॅल आणि स्टॅनफर्डला 1 सप्टेंबरला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली, तीही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त 30 टक्के वाटा घेऊन.

या कॉन्फरन्सची खरी गाठ आहे 'ग्रँट ऑफ राइट्स'. आमच्या सांगलीकडच्या लोकांना लगेच कळेल. उसाची नोंद एकदा कारखान्याकडे झाली की ऊस त्याच कारखान्याला जायचा. इथे विद्यापीठांनी आपल्या घरच्या सामन्यांचे प्रसारण हक्क 2036 पर्यंत एसीसीच्या नावे लिहून दिलेत. कॉन्फरन्स सोडली तरी हक्क मागेच राहतात. त्यावरूनच एसीसीतली फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ही विद्यापीठं कोर्टात गेली होती. याच महिन्यात तडजोड झाली: बाहेर पडायचा दंड उतरत उतरत 2030-31 पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर येणार, तो भरला की हक्क बरोबर नेता येणार, आणि टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग आता कोणाचे सामने किती लोक बघतात यावर वाटला जाणार. 2036 ची गाठ 2030 लाच सैल झाली असं मी समजते. विद्यापीठांची पुढची फाटाफूट फार लांब नाही.

आता वापराचं. टीव्हीवर चित्र उत्तम, समालोचन चांगलं. पॅक-12 नेटवर्कच्या काळात डायरेक्टीव्ही ही उपग्रह सेवा असलेल्या घरात ती वाहिनी दिसायचीच नाही, तो त्रास संपला. पण सामने एसीसी नेटवर्क, ईएसपीएनच्या वाहिन्या आणि द सीडब्ल्यू यांच्यात विखुरलेले, त्यामुळे दर आठवड्याला आधी वाहिनी शोधायची. एकदा आमच्या सेवेने पिट्सबर्गचा सामना अर्धवटच रेकॉर्ड केला. ठरलेली वेळ संपली, रेकॉर्डिंग तुटलं. आपण 17-15 हरलो हे मला फोनवर कळलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या पुढे दोन तास जादा लावून ठेवते. तुम्हीही लावा.

7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि त्याच दुपारी ऑबर्न विद्यापीठाशी सामना. सकाळी प्रतिष्ठापना, आरती, नैवेद्य. सगळे जेवायला बसले आणि मुलाने हळूच टीव्ही लावला. उकडीचे मोदक हातात, तूप बोटांवरून ओघळतंय, आणि कॅल अलाबामात जाऊन 21-14 जिंकलं. सासूबाईंना खेळातलं काही कळत नाही, तरी त्या म्हणाल्या, "बाप्पा आला आणि तुमची टीम जिंकली." त्या दिवशी पॅकेजचे पैसे वसूल झाले.

आणि 5 ऑक्टोबर. कॉलेज गेमडे हा ईएसपीएनचा फुटबॉलचा कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीत आला. पोरं पहाटे, अंधारातच कॅम्पसवर जाऊन उभी होती. रात्री मेमोरियल स्टेडियममध्ये मायामी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण 35-10 पुढे होतो. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले ते बसलेच नाहीत. मग मायामीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) कॅम वॉर्ड सुटला. हा मुलगा आधीची दोन वर्षं वॉशिंग्टन स्टेटकडून खेळलेला, म्हणजे पॅक-12 मोडल्यावर जी दोनच विद्यापीठं मागे राहिली त्यातल्या एकाकडून. शेवटच्या अर्ध्या मिनिटात टचडाऊन, 39-38. आजोबा तसेच उभे, टोपी हातात. मायामीत तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. इतकी मोठी रात्र या स्टेडियममध्ये मी पाहिली नव्हती आणि ती एसीसीमुळेच मिळाली, हे मान्य करायलाच हवं.

पण तीन आठवड्यांनी ओरेगन स्टेट आलं. मागे राहिलेलं दुसरं विद्यापीठ. नारिंगी जॅकेट घातलेलं एक जोडपं ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसहून गाडी चालवत आलं होतं. आम्ही 44-7 जिंकलो. बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी भेटू. ती बाई म्हणाली, "आता आपण एका घरात नाही ना." मला उत्तर सुचलं नाही. वर्षानुवर्षं आम्हीही असेच गाडीने ओरेगनला जायचो, वाटेत थेपले आणि थर्मासमधला चहा. यंदाचे बाहेरचे पाच सामने ऑबर्न, टॅलाहासी, पिट्सबर्ग, विन्स्टन-सेलम आणि डॅलस. एकाही ठिकाणी गाडीने जाणं शक्य नाही. पॅकेजमध्ये सामने आहेत, शेजारी नाहीत. माझी मुख्य तक्रार हीच, आणि ती कुठल्याही महागड्या पॅकेजने भरून निघणार नाही.

फुटबॉलवाले निदान आठवड्यातून एकदाच खेळतात. बास्केटबॉल, व्हॉलीबॉलच्या मुलामुलींना हाच करार लागू आहे. देश ओलांडायचा, घड्याळ तीन तास पुढे करायचं, आणि परत येऊन मिडटर्म द्यायची. फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी बाकीच्या खेळांच्या मुलांना एवढं फिरवणं मला पटत नाही. फुटबॉल वेगळं काढून बाकीचे खेळ आपापल्या भागात खेळवता आले असते. ते अजूनही करता येईल.

पैशाची बाजूही ओढाताणीची आहे. यूसीएलए आणि बर्कली दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाचेच (यूसी) भाग. यूसीएलए बाहेर पडल्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, त्यांना दर वर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावलेत, तीन वर्षं. इथे त्याला 'कॅलिमनी' म्हणतात, कॅल अधिक अ‍ॅलिमनी (पोटगी). ती तीन वर्षंही संपतील.

माझा सल्ला विचाराल तर: सीझन तिकीट घ्या. वर्षातून सहा-सात शनिवार, टेकडीच्या कुशीतलं ते स्टेडियम, संध्याकाळी वरून दिसणारी खाडी. बिग गेमला, म्हणजे स्टॅनफर्डशी दर वर्षी होणाऱ्या सामन्याला, तर जायलाच हवं. यंदा स्टॅनफर्डला 24-21 हरवलं. कॉन्फरन्स बदलली तरी हा सामना आणि जिंकणाऱ्याला मिळणारी कुऱ्हाड दोन्ही टिकली, आणि सामना बर्कलीत असला की तिथे बार्ट रेल्वेने जाता येतं. टीव्हीचं पॅकेज मात्र वर्षभराचं घेऊ नका. बास्केटबॉलमध्ये रस नसेल तर ऑगस्टच्या शेवटी सुरू करा, डिसेंबरमध्ये थांबवा. मी मार्चपर्यंत चालू ठेवलं आणि जानेवारीनंतर फारसं उघडलंच नाही.

पॅकेज काल बंद केलं. तिकिटांचं नूतनीकरण केलं, त्याच रांगेत, त्या आजोबांच्या मागे.